नाण्यावरचे नाव आणि नाण्यामागची सत्ता

कॉन्स्टँटिनोपलच्या रोमन (बायझंटाइन) सम्राट जस्टिनियनच्या युद्धांचा इतिहास लिहिणाऱ्या प्रोकोपियसने सहाव्या शतकाच्या मध्याला फ्रँक राजांविषयी एक तक्रार नोंदवून ठेवली आहे. हे राजे आर्ल शहरात बसून घोड्यांच्या शर्यती पाहतात, गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) खाणींतल्या सोन्याची नाणी पाडतात आणि त्यांवर रोमन सम्राटाची प्रतिमा उमटवण्याचा रिवाज मोडून स्वतःची प्रतिमा उमटवतात, असे तो म्हणतो. इराणचा बादशहा चांदीची नाणी मन मानेल तशी पाडतो, पण सोन्यावर स्वतःची छबी उमटवण्याची मुभा त्यालाही नाही आणि दुसऱ्या कुठल्याही रानटी राजालाही नाही, अशी पुस्ती तो जोडतो. इथवरचा मजकूर पुन्हा पुन्हा उद्धृत होतो. सोन्याचे नाणे हा सम्राटाचा राखीव अधिकार होता आणि तो धुडकावणारा राजा म्हणजे स्वतंत्र झालेला राजा, असे समीकरण त्यावरून मांडले जाते. मात्र प्रोकोपियस याच ठिकाणी जे कारण देतो त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. राजाजवळ सोने असले तरी असे नाणे तो खपवू शकत नाही, कारण ज्यांच्याशी व्यवहार करायचा ते लोक, ते स्वतः रानटी असले तरीही, ते नाणे घेत नाहीत.

अधिकारापासून सुरू झालेले वाक्य बाजारात येऊन संपते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राजाने नाण्यावर स्वतःचे नाव घातले की तो सार्वभौम, आणि दुसऱ्याचे नाव राहू दिले की तो मांडलिक, ही फूटपट्टी आपण शाळेपासून वापरत आलो आहोत. पाचव्या शतकापासून नवव्या शतकापर्यंतच्या जर्मानिक राज्यांना ती लावून पाहिली तर ती ठिकठिकाणी मोडते. नाण्यावरचे नाव हा केवळ दावा असतो. सत्ता किती होती हे ठरवायचे तर वजन आणि कस यांची हमी कोण देत होते, नाणे नाकारणाऱ्याला शिक्षा कोण करू शकत होते आणि जुने नाणे बाद ठरल्यावर त्याची तूट कोण सोसत होते, हे विचारावे लागते. ज्या काळातली कागदपत्रे तुटपुंजी आहेत त्या काळाबद्दल तर हे प्रश्न अधिकच नेटाने विचारले पाहिजेत, कारण तिथे हातात येणारा पुरावा बहुधा नाण्याचाच असतो.

प्रोकोपियसची तक्रार ज्याच्यामुळे उद्भवली तो राजा बहुधा थ्यूडेबर्ट. 533 च्या सुमारास तो ऱ्हाइनच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या राज्याच्या गादीवर आला, 539 मध्ये गॉथ आणि बायझंटाइन यांच्या झुंजीत स्वतःचा वाटा काढण्यासाठी त्याने इटलीत फौज उतरवली, आणि जस्टिनियन आपल्या पदव्यांत फ्रँकांवरचा विजय मिरवतो म्हणून तो संतापला होता, असे त्या शतकाचा इतिहासकार अगाथियस सांगतो. त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर ‘आमचा स्वामी थ्यूडेबर्ट, विजयी’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत. पण नाणे हातात घेऊन पाहिले तर चिलखत घातलेला, खांद्यावर भाला टेकवलेला, समोर पाहणारा तो अर्धपुतळा जस्टिनियनच्या सॉलिडस या सोन्याच्या रोमन नाण्यावरचाच आहे. घडण तीच राहिली आणि फक्त नाव बदलले. खपण्यासाठी ज्या ओळखीच्या रूपाची गरज होती ते रूप सोडण्याची हिंमत या सर्वांत धीट राजालाही झाली नाही, आणि त्याच्या मागून आलेल्या फ्रँक राजांनी हा कित्ता सातत्याने गिरवलाही नाही. थ्यूडेबर्ट मेल्यावर त्याच्यासाठी फ्रँकांकडून कर वसूल करणाऱ्या पार्थेनियस या अधिकाऱ्याला ट्रिअरच्या लोकांनी चर्चमध्ये पेटीत लपलेला असताना बाहेर ओढून दगडांनी ठेचून मारले, असे फ्रँकांचा इतिहास लिहिणारा बिशप तूरचा ग्रेगरी लिहितो. सोन्यावर नाव कोरणे राजाला साधले होते. ते सोने प्रजेकडून नियमाने वसूल करून पुन्हा फिरते ठेवण्याची व्यवस्था मात्र त्याच्या डोळ्यांआड होताच कोसळली, आणि मला थ्यूडेबर्टच्या सत्तेचे माप त्या नाण्यापेक्षा या प्रसंगात अधिक खरे दिसते.

याच्या उलट बाजूला इटलीचा गॉथ राजा थिओडोरिक आहे. 493 ते 526 एवढा प्रदीर्घ काळ त्याने इटलीवर राज्य केले. रोमची सिनेट, करवसुली, रस्ते, पाण्याचे कालवे हे सर्व त्याच्या हाताखाली चालत होते, आणि तरी त्याच्या टांकसाळींतून निघणाऱ्या सोन्यावर आधी अनास्तासियस व नंतर जस्टिन या सम्राटांची नावे होती. कुठे कोपऱ्यात त्याच्या नावाची एकत्र गुंफलेली अक्षरे दिसतात, इतकेच. त्याच्या काळची पश्चिमेतील बहुतेक राज्ये त्याच्यापेक्षा दुबळी होती, मग त्याला मांडलिक म्हणायचे काय? त्याचे एक सुवर्णपदक 1894 साली मध्य इटलीत सेनिगालियाजवळ सापडले. तीन सॉलिडसच्या वजनाचे हे पदक आज रोमच्या संग्रहालयात आहे. कानांवर उतरलेले दाट केस, वरच्या ओठावर बारीक मिशी, उंचावलेला उजवा हात आणि डाव्या हातातल्या गोलावर उभी असलेली विजयदेवता असे थिओडोरिकचे चित्र त्यावर आहे आणि मागे त्याला ‘अन्य जमातींचा विजेता’ म्हटले आहे. हे पदक वस्त्रावर लावता यावे म्हणून त्याच्या मागे टाचण बसवलेले आहे. म्हणजे राजाची छबी असलेले हे सोने दरबारात मिरवण्यासाठी होते. बाजारात जे सोने जायचे त्यावर सम्राटाचेच नाव राहिले, कारण कॉन्स्टँटिनोपलपासून गॉलपर्यंतचा व्यापारी त्या नावावर भरवसा ठेवत असे. थिओडोरिकला आपली छबी सोन्यावर कशी उमटवायची हे ठाऊक होते. ती कुठे उमटवू नये हेही त्याला ठाऊक होते, आणि मी हे त्याच्या सत्तेच्या प्रौढपणाचे लक्षण मानतो.

सम्राटाचे नाव म्हणजे सम्राटाशी निष्ठा, हा अर्थ तर त्याच गॉथ राज्याच्या अखेरच्या काळात पूर्णच उलटतो. 541 ते 552 या काळात गॉथ राजा टोटिला जस्टिनियनच्या सेनापतींशी जिवाच्या कराराने लढत होता. त्याने पाव्हियात पाडलेल्या चांदीवर 518 मध्ये मेलेल्या अनास्तासियसची प्रतिमा आणि नाव आहे. जिवंत सम्राटाला नाकारायचे होते, पण सम्राट नावाची हमी नाकारणे परवडणारे नव्हते, म्हणून ज्याच्याशी गॉथांचे बरे जमले होते तो मृत सम्राट पुन्हा नाण्यावर आणला गेला. आफ्रिकेतल्या व्हँडल राजांनी चांदीवर स्वतःचे नाव घातले आणि सोन्याला हात लावला नाही. आग्नेय गॉलमधल्या बर्गंडियनांचा राजा गुंडोबाडने सम्राटाच्या नावाच्या सोन्यावर आपली जुळवलेली अक्षरे तेवढी ठेवली. प्रत्येकाने आपल्या बाजाराचा अंदाज घेऊन वेगळा तोल साधला होता.

या काळचे कायदे वाचले की चिंता नावापेक्षा वजनाची आणि कसाची होती हे आणखी उघड होते. 458 मध्ये पश्चिमेचा सम्राट माजोरियन आपल्या अधिकाऱ्यांना बजावतो की पूर्ण वजनाचा सॉलिडस खोडसाळ सबब काढून नाकारू नये, अपवाद फक्त त्या गॉलच्या सॉलिडसचा, ज्याच्या सोन्याची किंमत कमी धरली जाते. बर्गंडियन कायद्यांना मागाहून जोडलेल्या एका कलमात वजन काहीही भरो, सर्व सोने घ्यावे, फक्त चार प्रकारची नाणी सोडून, असा हुकूम आहे, आणि त्या चारांत अलारिक राजाच्या काळापासूनची गॉथांची नाणी नावानिशी आहेत. या सर्व नाण्यांवर सम्राटाचीच नावे असणार, तरी कुठले कुठून आले आणि कुणाच्या सोन्यात हीण आहे हे व्यवहारातल्या माणसाला नेमके कळत होते. स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथांच्या कायद्यात पूर्ण वजनाचा आणि खोटा नसलेला सॉलिडस, मग त्यावरचा छाप कोणताही असो, कोणी नाकारू नये असे म्हटले आहे. छाप कोणताही असो, असे ज्या राज्याचा कायदाच म्हणतो तिथे सार्वभौमत्व छापात शोधण्यासाठी धडपडणे कितपत योग्य आहे, याचा विचार अभ्यासकांनी करायला हवा.

इटलीत 568 नंतर आलेल्या लाँगोबार्ड या जर्मानिक लोकांचा पुरावा मला सर्वांत निर्णायक वाटतो. त्यांच्या राजा रोथारीने 643 मध्ये आपल्या लोकांचे कायदे लेखी संकलित केले. त्यात एक लहानसे कलम आहे की राजाच्या आज्ञेवाचून जो सोन्यावर छाप मारील किंवा नाणे बनवील त्याचा हात तोडावा. नाणे पाडण्यावर राजाचा अनन्य अधिकार याहून कठोर शब्दांत मांडता येणार नाही. आणि त्याच काळात त्याच राज्यात निघणाऱ्या सोन्याच्या नाण्यांवर नाव कुणाचे होते? 602 मध्ये मारल्या गेलेल्या मॉरिस सम्राटाचे, तेही ठसे कोरणाऱ्यांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या अक्षरे बिघडत गेलेले. राजाचे नाव लाँगोबार्ड सोन्यावर ठळकपणे येते ते कुनिंक्पर्टच्या काळात, म्हणजे 688 नंतर, आणि त्याच्या मागच्या बाजूला पंख असलेला सेंट मायकेल उभा आहे. मधली चार-साडेचार दशके टांकसाळीचा अधिकार राजाकडे होता आणि नाव दुसऱ्याचे होते. फूटपट्टी लावणाऱ्याने या चार दशकांचे काय करायचे हे सांगितले पाहिजे.

नावाला काहीच मोल नव्हते असे मी म्हणत नाही. स्पेनमध्ये व्हिसिगॉथ राजा लिओविगिल्डने 570 च्या दशकात सम्राटाचे नाव काढून स्वतःचे नाव सोन्यावर आणले, आणि राजवस्त्रे घालून सिंहासनावर बसणारा गॉथांचा पहिला राजा तोच, असे सेव्हिलचा इसिडोर सांगतो. 579 मध्ये त्याचा मुलगा हर्मेनेगिल्ड बापाविरुद्ध उठला तेव्हा दोघांनी नाण्यांवरूनही लढाई केली. मुलाच्या नाण्यांवर देवाने राजाला दिलेल्या आयुष्याचा उल्लेख आला. बापाने सेव्हिल जिंकल्यावर देवाच्या साहाय्याने ते मिळवल्याचे आणि कोर्दोबा दुसऱ्यांदा घेतल्याचे नाण्यावर जाहीर केले. इथे नाव आणि मजकूर हे खरोखर राजकीय हत्यार आहे. पण यादवी चालू असताना सैनिकांच्या हातात पडणाऱ्या सोन्यावर असे लिहिणे आणि शांततेच्या काळात खेड्यातल्या माणसाला ते बिनतक्रार घ्यायला लावणे, यांत फार अंतर आहे. आणि लिओविगिल्डला हे करता आले ते कशाच्या जोरावर? द्वीपकल्पातला बहुतेक प्रदेश एका हाताखाली आणल्यानंतर, आणि आतला व्यवहार बाहेरच्या नावावाचून चालेल एवढा बाजार ताब्यात आल्यानंतर. सत्ता बाजारापर्यंत पोचली आणि मग नाव आले, हा क्रम नजरेआड होता कामा नये.

माझ्या म्हणण्याला सर्वांत कठीण उदाहरण फ्रँकांचे आहे, कारण तिथे सहाव्या शतकाच्या शेवटापासून सातव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नाण्यावर ना सम्राट आहे, ना बहुतेकदा राजा. सॉलिडसच्या तिसऱ्या हिश्शाचे जे लहान सोन्याचे नाणे चालत होते, त्यावर एका बाजूला गावाचे नाव आणि दुसऱ्या बाजूला ते पाडणाऱ्या टांकसाळदाराचे नाव, एवढेच असते. अशी आठशेच्या घरात ठिकाणे माहीत आहेत. त्यांत मोठी शहरे आहेत तशी आज शोधूनही नक्की न सापडणारी गावेही आहेत. इंग्लंडमध्ये सटन हू येथे 1939 साली उघडलेल्या नौकासमाधीतल्या थैलीत अशी 37 नाणी निघाली आणि ती 37 वेगवेगळ्या टांकसाळींची होती. याचा अर्थ फ्रँक राजांनी टांकसाळीचा अधिकार गमावला, तो स्थानिक लोकांच्या हातात गेला, असा काढला जातो. पैसा राज्यावाचूनही उत्तम चालतो, असे आज ज्यांना सिद्ध करायचे असते त्यांना हे उदाहरण आयतेच मिळते.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. एलिगियसचे चरित्र त्याविरुद्ध साक्ष देते. लिमोझ भागातला हा सोनार क्लोथार दुसरा आणि डागोबेर या फ्रँक राजांच्या दरबारात वर चढला, त्याचे नाव टांकसाळदार म्हणून राजाच्या नावाबरोबर नाण्यांवर आले आणि 641 मध्ये तो नोयाँचा बिशप झाला. सिंहासनासाठी दिलेल्या सोन्यातून त्याने एकाऐवजी दोन सिंहासने घडवली, या गोष्टीने राजाचा विश्वास बसला अशी कथा आहे. तोलाचा आणि कसाचा प्रामाणिकपणा हाच त्या काळी टांकसाळदाराचा मोठा गुण होता, हे त्या कथेतून कळते. पण त्याच चरित्रात अधिक मोलाची एक ओळ आहे. लिमोझकडे गोळा झालेला राजाचा कर खजिन्यात भरण्याआधी राजाचा अधिकारी आणि टांकसाळदार ते सोने रिवाजाप्रमाणे भट्टीत घालून शुद्ध करू पाहत होते. म्हणजे गावोगावचा टांकसाळदार राजाच्या वसुलीच्या साखळीपासून तुटलेला नव्हता. सैन्याला पगार देण्याची रोमन पद्धत संपली होती, योद्ध्यांना जमिनी मिळाल्या होत्या, त्यामुळे एका मध्यवर्ती टांकसाळीतून लाखो नाणी ओतण्याचे कारणच उरले नव्हते. देणे जिथे द्यायचे तिथेच सोने पारखून नाणे करणे सोयीचे होते, आणि पारखणाऱ्याचे नाव त्यावर असणे हेच घेणाऱ्याला हवे होते. खोटे निघाले तर कुणाला धरायचे हे त्या नावावरून कळे. दक्षिणेकडच्या मार्से आणि आर्लमध्ये तर सम्राटाच्या नावाने निघालेल्या हलक्या सॉलिडसवर त्याचे वजन रोमन आकड्यात छापलेले आढळते, पूर्ण नाण्याच्या 24 सिलिक्वांऐवजी (सिलिक्वा हे वजनाचे लहान माप) 21. मी कमी भरतो, असे नाणेच सांगते. राजाची छबी नसलेल्या या चलनात जबाबदारी मात्र ठसठशीत कोरलेली आहे. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही साखळी सैल होती, आणि सातव्या शतकात सोन्यातली चांदी वाढत वाढत 670 च्या सुमारास नाणे निव्वळ चांदीचे झाले, तेव्हा ती घसरण रोखण्याइतका हात कुठल्याही राजाचा लांब नव्हता.

तो हात लांबला आठव्या शतकात, आणि कसा लांबला हे नीट पाहण्यासारखे आहे. 751 मध्ये पेपिन फ्रँकांचा राजा झाला आणि तीन-चार वर्षांतच व्हेर येथील सभेत त्याने ठरवले की एक पौंड चांदीतून 22 सॉलिडसपेक्षा जास्त नाणी पाडू नयेत, त्यांतला एक टांकसाळदाराने घ्यावा आणि उरलेले 21 ज्याची चांदी त्याला परत द्यावेत. सॉलिडस हे आता फक्त हिशेबाचे माप होते, एका सॉलिडसचे 12 देनारियस, म्हणजे चांदीची नाणी. या एका ओळीत वजन, मजुरी आणि चांदी घेऊन येणाऱ्याचा हक्क हे तिन्ही बांधून टाकले आहेत. राजाचे नाव नाण्यावर असावे की नसावे याचा उल्लेखही त्यात नाही, तरी पश्चिम युरोपात शतकभरात कुठल्या राजाने नाण्यावर एवढी पकड घेतली नव्हती. पेपिनच्या देनारियसवर त्याची नाममुद्रा येतेही, पण ती या पकडीच्या पाठोपाठ.

त्याचा मुलगा शार्लमेन याने 793-794 च्या सुमारास नाणे जड केले, साधारण 1.3 ग्रॅमवरून 1.7 ग्रॅमवर नेले. 794 मध्ये फ्रँकफर्टला बिशप आणि सरदारांची मोठी सभा भरली. ती मुख्यतः धर्ममतांच्या वादासाठी भरली होती, पण तिच्या ठरावांतले चौथे आणि पाचवे कलम एकापाठोपाठ वाचले पाहिजे. चौथ्यात धान्याचे कमाल भाव आहेत आणि एका देनारियसला किती पाव मिळावेत हे ठरवले आहे: दोन पौंडांचे गव्हाचे 12, रायचे 15, जवाचे 20 किंवा ओटचे 25. पाचव्यात नव्या देनारियसविषयी हुकूम आहे. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक शहरात आणि प्रत्येक बाजारात ते चालले पाहिजेत आणि सर्वांनी घेतले पाहिजेत. ते आपल्या नावाचे, शुद्ध चांदीचे आणि पूर्ण वजनाचे असले आणि तरी कोणी खरेदी-विक्रीत नाकारले, तर स्वतंत्र माणसाने राजाला 15 सॉलिडस दंड भरावा. दास असेल आणि व्यवहार त्याचा स्वतःचा असेल, तर त्याने तो माल गमवावा किंवा खांबाशी उघडा करून लोकांसमोर फटके खावेत. मालकाच्या सांगण्यावरून त्याने नाकारले हे सिद्ध झाले तर दंड मालकाने भरावा. इथे राजाचे नाव ही एक अट आहे, पण एकटी नाही. शुद्ध चांदी आणि पूर्ण वजन या दोन अटी तिच्या शेजारी लिहिल्या आहेत, आणि एका नाण्यात किती पाव हे आधीच बांधून दिले आहे. दुष्काळाने पोळलेल्या वर्षांत राजा प्रजेला सांगतो आहे की मी नाणे जड आणि शुद्ध देतो, आणि त्याच्या बदल्यात तुम्ही ते नाकारू शकत नाही. मला प्रारंभिक मध्ययुगातल्या राजसत्तेचा याहून स्पष्ट करारनामा दुसरा दिसत नाही. फटक्यांची धमकी द्यावी लागली, म्हणजे नाकारणारे होते, हेही त्यात आलेच.

शार्लमेनच्या वर्चस्वाची सीमा कुठे होती तेही एका नाण्यावरूनच कळते. दक्षिण इटलीतल्या बेनेव्हेंतोच्या ग्रिमोआल्डला त्याने ओलीस ठेवले होते. बाप मेल्यावर 788 मध्ये त्याला गादीवर बसण्यासाठी सोडताना अट घातली की लाँगोबार्डांनी हनुवटीची दाढी काढावी आणि दस्तऐवजांवर व नाण्यांवर शार्लमेनचे नाव घालावे. ग्रिमोआल्डने काही काळ ते घातलेही, आणि थोड्याच वर्षांत काढून टाकले. त्या नावाच्या पाठीमागे बेनेव्हेंतोच्या बाजारात नाणे नाकारणाऱ्याला पकडणारा शार्लमेनचा एकही माणूस नव्हता.

इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याचा ऑफा राजा याच काळचा. त्याच्या नाण्यांवरची कोरीव छबी त्या काळच्या पश्चिम युरोपात देखणेपणात अग्रभागी आहे, आणि राणी किनेथ्रिथ हिच्या नावाने व प्रतिमेने निघालेली नाणी तर अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमध्ये एकमेव. तरीही कँटरबरीतल्या काही नाण्यांवर एका बाजूला ऑफा आणि दुसऱ्या बाजूला आर्चबिशप यॅनबर्ट अशी दोन्ही नावे आहेत. त्यांत भागीदारी वाचायची की वर्चस्व, हे नाणे एकटे सांगू शकत नाही. पूर्व अँग्लियाचा राजा एथेलबर्ट याचे शिर ऑफाच्या हुकमाने उडवले गेले असे अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात आहे, आणि एथेलबर्टने स्वतःच्या नावाची नाणी पाडली म्हणूनच हे घडले, अशी अटकळ मधूनमधून मांडली जाते. शिरच्छेदाचे कारण इतिवृत्त देत नाही. नाव दिसले की त्यात बंड पाहायचे, या सवयीतून ही अटकळ उभी राहते, म्हणून मला ती पटत नाही. ऑफाच्या नावाचा सोन्याचा एक दिनारही आहे. अब्बासी खलिफा अल-मन्सूर याच्या हिजरी 157 च्या दिनाराची ती नक्कल आहे, अरबी मजकूर जवळजवळ जसाच्या तसा, आणि मधोमध ‘ऑफा राजा’ ही लॅटिन अक्षरे अरबीच्या मानाने उलटी बसवलेली. ख्रिस्ती राजाचे नाव इस्लामी श्रद्धावचनांच्या मध्ये आले याचे कारण तेच, जे प्रोकोपियसने दिले होते: त्या काळी दूरवर ओळखले जाणारे सोने हे होते.

आणि मग नाव टिकून सत्ता गेल्याचाही काळ आला. शार्लमेनचा नातू चार्ल्स याने 864 मध्ये पिस्त्र येथे हुकूम काढला की राजवाडा आणि नावे दिलेली नऊ गावे सोडून कुठेही नाणी पाडू नयेत आणि सेंट मार्टिनच्या सणानंतर जुने नाणे कोणी घेऊ नये. प्रत्यक्षात त्याच्या नव्या छापाची नाणी शंभराहून अधिक ठिकाणांची सापडतात. चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या मेल गावात तर चार्ल्स राजाच्या नावाचा ठसा, तिथली टांकसाळ पुआतूच्या काउंटांच्या हाती गेल्यावरही, कित्येक पिढ्या तसाच चालू राहिला. नावावर विसंबून राहणारा वाचक अकराव्या शतकातही तिथे नवव्या शतकाच्या राजाचे राज्य मानील.

मराठी वाचकाला हे सर्व परके वाटू नये. अठराव्या शतकात मराठ्यांच्या ताब्यातल्या टांकसाळींतून निघणाऱ्या रुपयांवर मुघल बादशहाचे नाव होते, आणि ईस्ट इंडिया कंपनीने 1835 पर्यंत शाहआलमच्या नावाने रुपये पाडले. नावावरून निवाडा करायचा तर दिल्लीत दुसऱ्यांच्या आश्रयाने दिवस काढणारा आंधळा बादशहा हिंदुस्थानचा सर्वांत बलाढ्य राजा ठरेल. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी स्वतःच्या नावाचा होन आणि शिवराई काढली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण त्याच 1674 सालचा दुसरा प्रसंग त्या अभिमानाइतकाच सांगायला हवा. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन रायगडावर आला होता आणि इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे असे एक कलम त्यात होते. त्यावर महाराजांच्या बाजूने उत्तर मिळाले की ज्या नाण्यात रयतेला तोटा होईल ते घेण्याची सक्ती आपण करू शकत नाही, मात्र इंग्रजांचे नाणे कसाला आणि वजनाला मुघलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतके उतरले तर ते चालण्यास आपली मनाई नाही. स्वतःच्या नावाचे नाणे नुकतेच काढलेल्या राजाने दिलेले हे उत्तर आहे, आणि व्हिसिगॉथांच्या कायद्यातल्या त्या कलमाशी ते फार जवळचे आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संग्रहालयातल्या पाटीवर आणि पाठ्यपुस्तकातल्या चित्राखाली नाण्यावर कुणाचे नाव आहे एवढेच लिहून थांबू नये. ते किती ग्रॅम भरते, त्यात सोने किंवा चांदी किती आहे, ते कुठल्या टांकसाळीत पडले आणि ती त्या वेळी कुणाच्या ताब्यात होती, हेही लिहावे. थ्यूडेबर्टच्या सॉलिडसशेजारी पार्थेनियसचा अंत सांगावा, लाँगोबार्डांच्या मॉरिस-नावाच्या सोन्याशेजारी रोथारीचे कलम छापावे आणि शाहआलमच्या रुपयाखाली तो पाडणाऱ्या मराठा टांकसाळीचे नाव द्यावे.